वाट, वहिवाट आणि वारसा : कोकणातल्या बैलवाटा जपायच्या म्हणजे नेमके काय करायचे?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. रायगड, सुवर्णदुर्ग, खांदेरी, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे त्यातले पाच कोकणातले. फटाके वाजले, फलक लागले. पण रायगडासारख्या डोंगरी किल्ल्यावर दाणागोटा चढला तो बैलाच्या पाठीवरून आणि माणसाच्या डोक्यावरून. किल्ला यादीत आला, त्याला जगवणारी वाट आली नाही. त्यात २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी गवताळ कुरणे आणि पशुपालकांचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यामुळे ‘जुन्या पशुमार्गांना वारशाचा दर्जा द्या’ ही मागणी आता इकडेही कानावर येते. ऐकायला छान आहे. पण दर्जा कशाला, कोण देणार, आणि दिल्यावर काय बदलणार?

बैलवाट आणि पायवाट यांत फरक काय?

घाटात गेलेल्याला वाटांची नावे ऐकूनच अंदाज येतो. निसणी म्हणजे जवळजवळ शिडीच. नाळ म्हणजे दोन डोंगरसोंडांमधली दगडधोंड्यांनी भरलेली घळ. या दोन्ही वाटांनी माणूस जातो, लादलेला बैल जात नाही. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी असतात, ओझे शंभर-सव्वाशे किलोच्या घरात. त्याला वळायला जागा लागते आणि उतारावर मागचे पाय टेकायला सपाटी लागते.

म्हणून खरी बैलवाट ओळखायची ती तिच्या आळसावरून. ती कधी घाईने चढत नाही. शंभर मीटर चाललात तर पंधरा-वीस मीटर वर याल, त्याहून जास्त नाही. कडा आला की ती नागमोडी वळणे घेते. पायऱ्या खोदलेल्या असतील तर त्यांची उंची वितीपेक्षा कमी आणि पाय ठेवायची जागा हातभर किंवा जास्त. माणसासाठी केलेल्या पायऱ्या याच्या उलट, उंच आणि अरुंद. वळणावर दगड बसवताना तो दरीकडे नाही, डोंगराकडे किंचित कललेला असतो, म्हणजे खूर घसरला तरी बैल आत पडतो. दर काही अंतरावर टाके किंवा झरा, आणि घाटमाथ्यावर बहुतेक ठिकाणी वाघजाई देवीचे ठाणे. घाट चढून आल्यावर तिला नारळ द्यायचा, कारण वाटेत वाघ भेटला नाही.

घाटाखालीही याच कुळातल्या वाटा आहेत. गावातली चिरे लावलेली पाखाडी, दोन गडग्यांमधली, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणांमधली पाणंद, आणि दुपारी गुरे विसाव्याला बसतात ती गोठण. सकाळी राखण्या गुरे घेऊन निघतो तो याच साखळीने : गोठा, पाणंद, सडा म्हणजे उघडा कातळमाळ, गोठण, पाणवठा आणि परत.

या वाटा इथेच का पडल्या?

कोकणचा नकाशा भरतीच्या पाण्याने आखला आहे. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ही जुनी व्यापारी गावे समुद्रकाठी नाहीत, खाडीच्या पार आतल्या टोकाला आहेत. भरतीबरोबर गलबत जिथवर आत येई, तिथे माल उतरे. तिथून पुढे सह्याद्रीची भिंत, आणि भिंतीला जिथे खाच असेल तिथे घाट. महाडहून वरंधा, चिपळूणहून कुंभार्ली आणि तिवरा, वेंगुर्ल्याहून बेळगावकडे रामघाट. वर जाई मीठ, सुकी मासळी, नारळ. खाली येई ज्वारी, गूळ, तंबाखू, मिरची. वाहतूक करणारे लमाण, वंजारी आणि घाटाखालचे गाववाले. लादलेला तांडा दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चाले, म्हणून मुक्कामाच्या जागाही साधारण तेवढ्याच अंतरावर सापडतात. एक मुक्काम सापडला की पुढचा कुठे शोधायचा ते कळते.

उत्तर कोकणातला नाणेघाट यातला सर्वांत जुना नोंदलेला. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख तिथल्या गुहेत आहे, आणि माथ्यावरच्या दगडी रांजणात जकात टाकत असे सांगतात. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे चढली आणि पाठीवरच्या वाहतुकीचे दिवस भरले. बैलाच्या पाठीवर चाललेला व्यापार गाडीने खाल्ला, गाडीचा आगगाडीने आणि तिचा पुढे ट्रकने. कोकणाच्या दक्षिण भागात हे उशिरा झाले इतकेच.

पण एक वाहतूक थांबली नाही. भात कापून खळ्यावर आले की देशावरचे धनगर मेंढरे घेऊन अजूनही घाट उतरतात. रिकाम्या मळ्यांत मेंढ्या रात्रभर बसवायच्या, लेंडी-मुताचे खत शेतकऱ्याला, भात किंवा रोकड धनगराला. पावसाआधी त्यांना परत जावेच लागते. सतत ओल्या जमिनीवर राहिले की दख्खनी मेंढीचे खूर कुजतात. म्हणजे कोकणात दोन प्रकारच्या वाटा आहेत : मेलेल्या बैलवाटा आणि जिवंत मेंढवाटा. दोघींचे औषध एक नाही, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

‘वारसावाट’ म्हणजे काय?

हा शब्द एकदाच समजून घेऊ. वारसावाट म्हणजे जुन्या वापरामुळे महत्त्व आलेली, नकाशावर आखलेली आणि जिच्यावरून जाण्याचा हक्क कागदावर आलेला आहे अशी वाट. वापर, नकाशा, हक्क. तिन्हीपैकी एक नसेल तर उरतो तो फलक.

मराठीने ही गोष्ट एका शब्दात ठेवलेली आहे : वहिवाट. तलाठ्याकडे, कोर्टात, बांधावरच्या भांडणात हाच शब्द येतो. वाट जमिनीवर असते, वहिवाट लोकांच्या येण्याजाण्यात. एसटीच्या थांब्याची शेड रंगवून ठेवली आणि गाडीच बंद केली, तर त्याला कोणी दळणवळण म्हणत नाही.

बाहेर कुणी हे केले आहे का?

दोन उदाहरणे पुरेत, कारण ती नेमकी उलट आहेत.

अमेरिकेत टेक्सासमधून गुरे हाकत कॅन्सासच्या रेल्वे स्थानकांपर्यंत नेत. चिझम ट्रेल हा त्यातला सर्वांत गाजलेला मार्ग. १८६७ पासून जेमतेम वीस वर्षे तो चालला. मग काटेरी तार आली, रेल्वे खाली सरकत आली आणि मार्ग संपला. तिथे १९६८ चा राष्ट्रीय वाटांचा कायदा आहे. चिझम आणि ग्रेट वेस्टर्न या दोन गुरेमार्गांना त्यात बसवता येईल का, याचा अभ्यास करण्याचा आदेश तिथल्या संसदेने २००९ मध्ये दिला. त्या कायद्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे : वाट सलग ताब्यात घ्यावी लागत नाही. जिथे नदी ओलांडायची जागा, मुक्काम, चाकोरी खरोखर दिसते ते तुकडे निवडून जपतात, मधल्या भागात फक्त खुणा. मेलेल्या वाटेसाठी हा शहाणपणाचा मार्ग आहे.

स्पेनमध्ये मेंढ्या आजही चालतात. तिथे १९९५ च्या कायद्याने पशुमार्ग ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती विकता येत नाही, जप्त होत नाही आणि कितीही वर्षे अतिक्रमण केले तरी कुणाच्या मालकीची होत नाही. रुंदीही ठरलेली : मोठा मार्ग ७५ मीटरपर्यंत, मधला साडेसदतीस, लहान २० मीटर. महामार्ग आडवा आला तर मार्गाचे सातत्य राखून पर्यायी जागा द्यावी लागते. जनावरांना अडथळा होणार नसेल तर त्यावर चालायला, सायकल फिरवायला मोकळीक आहे. १९९४ पासून दर वर्षी मेंढ्यांचा कळप राजधानी माद्रिदच्या भर रस्त्यातून नेतात, हक्क अजून जिवंत आहे हे दाखवायला.

आपल्याकडे ७५ मीटर रुंदीची कल्पनाही करू नये. गुंठ्यावरून भावाभावांत दावे चालतात तो हा मुलूख.

आपल्या कायद्यात यासाठी काही आहे का?

आहे, पण एका जागी नाही.

पुरातत्त्वाचे कायदे, केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा, ठिपक्याला संरक्षण देतात, रेघेला नाही. घाटातला लेख, टाके, गुहा संरक्षित होऊ शकते. त्यांना जोडणारी वीस किलोमीटरची वाट त्यात बसवणे अवघड जाते. नळपाणी योजनेत टाकी आणि नळ दोन्ही शाबूत, मधली पाइपलाइन मात्र कुणाच्याच ताब्यात नाही, असा हा प्रकार.

रेघेसाठी महसूल कायद्याकडे जावे लागते. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा सरकारच्या. तुमच्या गावची वाट सार्वजनिक आहे का, हे गावनकाशात बघायचे. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे विचित्र आकडे कुठून आले? गुंठ्याची बाजू ३३ फूट, तीच जुन्या मोजणीची साखळी. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. लादलेला बैल गोणींसकट चारेक फूट जागा घेतो, तेव्हा पाव साखळीत समोरासमोरचे दोन बैल एकमेकांना घासून का होईना, जातात.

शेतात किंवा चरणीच्या जागी जायची रूढ वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बहुतेक प्रकरणे इथेच मरतात : लोक दोन वर्षे ‘बघू, सांगू त्याला’ करत राहतात. वाट खाजगी जमिनीतून जात असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा आधार घ्यायचा. वीस वर्षे उघडपणे, हक्क म्हणून, अखंड वापर दाखवावा लागतो, सरकारी जमिनीवर तीस.

वनजमिनीसाठी सर्वांत उपयोगी तरतूद म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा, कलम ३(१)(घ). स्थायिक असोत वा हंगामी, पशुपालकांच्या चराईचा आणि भटक्यांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. दावा सामूहिक नमुन्यात, ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे. पुढे उपविभाग, मग जिल्हा समिती. भटक्या पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असतील तेव्हाच करायची, असेही नियमांत आहे. म्हणजे कोकणात दिवाळी ते शिमगा. पावसाळ्यात पडताळणी लावली तर दावेदार घाटावर असतो आणि शेरा पडतो ‘गैरहजर’. दुसरी अडचण मोठी आहे. धनगर आणि गवळी-धनगर इथे अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य आणि वनावरचे अवलंबन दाखवावे लागते. पुरावा म्हणून ब्रिटिशकालीन गॅझेटिअर, जुने नकाशे, विहिरी, देवस्थाने आणि दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी जबाब चालतात. रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटिअर १८८० चे, कुलाब्याचे, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याचे, १८८३ चे. कोणता घाट लादलेल्या बैलाला चालतो आणि कोणता फक्त माणसाला, हेही त्यांत घाटागणिक मिळते.

वाटेची नोंद करायची कशी?

मोबाइल काढला, चाललो, रेघ आली, असे होत नाही. खोल नाळेत उपग्रहाचा संकेत कड्यावर आपटून येतो आणि रेघ वाटेपासून पन्नास मीटर दूर, कधी थेट दरीतून गेलेली दिसते. म्हणून टाके, पायऱ्या, वाघजाई, खिंड अशा पक्क्या खुणांशी तीन-चार मिनिटे स्थिर उभे राहून बिंदू घ्यावा, आणि वाट जाता-येता दोनदा नोंदवावी. उंचीचा आकडा मोबाइलवरून घेऊ नये, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून घ्यावा.

वेळही महत्त्वाची. नोव्हेंबरात गवत कमरेएवढे असते, पायऱ्या दिसतच नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये गवत बसते किंवा जळते आणि जुनी फरसबंदी उघडी पडते, पण पाणवठे आटतात. मेलेल्या बैलवाटेसाठी उन्हाळा बरा. मेंढवाटेसाठी मेंढरे चालतात तोच महिना, आणि सोबत त्या कळपाचा म्होरक्या. कुठे वळतात, कुठे मुक्काम, कुठल्या शेतकऱ्याने यंदा नाही म्हटले, हे नकाशा सांगत नाही.

मग त्या रेघेचे मालकीप्रमाणे तुकडे पाडायचे : वनखंड, गायरान, खाजगी वन, मालकीची जमीन, बांधकाम खात्याचा रस्ता. कोकणात सर्वांत चिवट तुकडा मालकीचा. सातबारावर पंचवीस-तीस नावे, निम्मी मुंबईला, काही हयात नाहीत. अशा तुकड्यावर संमतीच्या मागे लागून वर्ष घालवू नये. गावनकाशातली रेघ किंवा जुनी वहिवाट सिद्ध करणे जास्त लवकर होते.

‘माझी जमीन गेली’ असे होईल का?

ही भीती सर्वांत आधी बोलून दाखवली जाते, आणि ती खोटी नाही. पण जाण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. वाट तुमच्या आंब्याच्या बागेतून जात असेल तर बाग तुमचीच राहते. प्रश्न तारेच्या कुंपणाचा आहे. त्याला जुना उपाय आहे, बेडे : वाटेच्या रुंदीएवढे उघडबंद होणारे बांबूचे फाटक. मेंढवाटेवर ते निदान आठ फुटांचे हवे, नाहीतर मेंढरे तोंडाशी तुंबतात, बाजूच्या गडग्यावर चढतात आणि गडगा पाडतात. मग भांडण मेंढ्यांवर येते, चूक फाटकाची असते.

चराईने जंगलाचे नुकसान होते ना?

ठिकाणावर अवलंबून आहे. कोयना-चांदोलीच्या व्याघ्र प्रकल्पात वाट मोकळी करा म्हणणे वेगळे आणि सड्यावरून दोन दिवसांत जाणाऱ्या कळपाला वाट देणे वेगळे. हक्क लिहितानाच ‘जाणे’ आणि ‘चरणे’ वेगळे लिहावे, महिना लिहावा, मुक्कामाच्या रात्री लिहाव्यात. मोघम हक्क कुणालाच नको असतो, वनखात्याला तर नाहीच. सड्यांबद्दल मात्र उलटी काळजी आहे. आपण ज्यांना ओसाड कातळ म्हणतो त्या सड्यांवरच रत्नागिरीची कातळशिल्पे आहेत. चिरेखाणी आणि बागा कातळ फोडतात, मेंढीच्या खुराने तो फुटत नाही.

लोकांना रस्ता हवा आहे, वारसा नको

खरे आहे, आणि काही वाटांचा रस्ताच व्हावा. ज्या धनगरवाड्यावरून आजाऱ्याला अजून डोलीतून खाली आणावे लागते, तिथे जाऊन जुनी पाखाडी जपा असे सांगणे लाजिरवाणे आहे. फक्त रस्ता त्याच रेघेवर आला पाहिजे असे नाही. बैलवाटेचा चढ गाडीला बहुधा जास्तच पडतो, वळणे तोकडी पडतात. मग जेसीबी डोंगराची आतली बाजू कापतो, माती दरीकडे ढकलतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात वरचा उतार खाली येतो. वाट गेली, रस्ताही गेला. शंभर मीटर बाजूने नवी आखणी केली तर दोन्ही राहतात.

पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेतही हे पाहावे. रुंदीकरणात दोन्ही बाजूंचे गडगे पाडले की पाणंदीचा मूळ उपयोग संपतो : गुरे शेतात न शिरता जावीत म्हणूनच ते गडगे होते.

आणि महामार्ग? चौपदरी रस्ता ओलांडायला पाचशे मेंढरांच्या कळपाला काही मिनिटे लागतात. ट्रकला तेवढा धीर नसतो. कळप कुठे ओलांडतो ते ठिकाण आखणीच्या वेळी कळले तर पुलाखालून वाट ठेवणे सोपे असते. मागाहून कुणी करत नाही. नकाशा लवकर करायचा तो याचसाठी.

डागडुजी : इथे सिमेंट चालत नाही

पैसे मंजूर झाले की सगळ्यांत आधी सिमेंटचे पोते येते. घाटात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. सिमेंटचा थर पाणी मुरू देत नाही. ते बाजूने खाली शिरते, खालची माती वाहून नेते आणि दोन-तीन पावसाळ्यांत थर पोकळीवर अधांतरी राहून मोडतो. मोडेपर्यंत त्यावर शेवाळ धरते आणि खूर ठरत नाही. जुन्या माणसांनी दगड कोरडाच रचला तो सिमेंट नव्हते म्हणून असेल, पण पाणी फटींतून निघून जाते हा त्याचा फायदा आजही आहे.

करायचे ते असे. आधी पाणी, मग दगड. वाटेला तिरका छेदणारा उथळ चर, तीव्र चढावर दहा-पंधरा मीटरला एक, दरीकडच्या तोंडाशी मोठा दगड, म्हणजे तिथे घळ पडत नाही. चर काटकोनात काढला तर गाळाने भरतो, फार तिरका काढला तर पाणी वाटेवरूनच धावते. काटकोनापासून साधारण ३० ते ४५ अंश तिरका बरा. पायरीचा दगड निदान एक-तृतीयांश जमिनीत, कल डोंगराकडे, मागच्या फटीत कपच्या घट्ट ठोकून. निसटलेला मूळ दगड बहुतेक वेळा खाली पाच-दहा मीटरवरच पडलेला असतो, तो शोधून आणावा. ताजा फोडलेला दगड कडांनी धारदार असतो, खूर कापतो.

हे काम मे महिन्यात उरकायचे आणि जुलैत एका मुसळधार दिवशी जाऊन नुसते बघायचे, पाणी कुठून वाहते ते. टाक्यातला गाळ एकदम सगळा काढू नये, तळाला चीर असेल तर गाळानेच पाणी धरलेले असते. निम्मा काढून एक उन्हाळा वाट पाहावी. आणि दिशादर्शक बाण रंगवायचाच असेल तर वळणावर एक, तोही लेख, वीरगळ किंवा देवीच्या दगडावर नव्हे. दर दहा पावलांवर पिवळा ठिपका देणाऱ्यांना मेंढरे अजिबात दाद देत नाहीत.